झाडलोटीनंतर मुका झालेला संगणक

घराची झाडलोट करतांना हातून एखादी बरणी फुटली, तर ती फुटलेली निदान डोळ्यांना दिसते. तुकडे गोळा करावेत, दोन दिवस हळहळावें आणि विसरून जावें, असा त्या दुःखाचा सरळ मार्ग असतो. परंतु जिला ओरखडासुद्धां उठलेला नाहीं, जी काल रात्रींपर्यंत सुरळीत चालत होती, आणि आज केवळ स्वच्छ केली एवढ्याच कारणानें जी निपचित पडून राहिली आहे, अशा वस्तूपुढें माणूस अगदीं दिङ्मूढ होऊन जातो. गेल्या दिवाळीपूर्वीं आमच्या घरच्या संगणकानें माझी हीच अवस्था केली. त्यांत माझी फजिती पुष्कळ झाली. पण त्या निमित्तानें जें शिकावयास मिळालें तें इतर घरांतही उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

हा संगणक मामंजींच्या खोलींत, खिडकीखालच्या टेबलावर असतो. आजकाल मांडीवर घेऊन बसण्याजोगे संगणक घरोघर झाले आहेत; पण मामंजींना मोठा पडदा, मोठीं अक्षरें आणि जागचा न हलणारा कीबोर्ड लागतो. निवृत्त झाल्यावर त्यांनीं आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहावयास घेतला. कोंकणांतील मूळ गांवाहून निघालेल्या शाखा कोठें कोठें पांगल्या, बडोदें, इंदूर, सागर येथें कोण स्थायिक झालें, कोणाचा वंश पुढें चालला आणि कोणाचा खुंटला, हें सारें त्यांनीं सहा वर्षें पत्रें लिहून, फोन करून व जुन्या वह्या चाळून जमविलें. प्रत्येक लेकी-सुनेचें माहेरचें आणि सासरचें अशीं दोन्ही नांवें द्यावयाचीं, हा त्यांचा आग्रह; कारण जुन्या वंशावळींत बायकांना जागाच नव्हती. मजकूर पुरा होत आला होता आणि पाडव्यानंतर तो छापखान्याकडे जावयाचा होता. ज्या वृद्धांनीं ही माहिती सांगितली, त्यांपैकीं तिघे-चौघे आतां हयात नाहींत. आणि या साऱ्या परिश्रमाची प्रत होती एकच. ती त्या संगणकाच्या पेटींत!

वसुबारसेच्या आदल्या दिवशीं मीं ती पेटी उघडली. आपण सर्वजण तिला 'सीपीयू' म्हणतों. वास्तविक तें नांव तिच्या आंतल्या एका लहानशा चौकोनी चिपेचें आहे, पेटीचें नांव कॅबिनेट. बाजूचें झांकण काढून पाहतें तों आंत धुळीचें गोधडें! रस्त्याकडची खिडकी आणि शेजारीं उदबत्तीचें घर, मग दुसरें काय होणार? मीं रंगाचा मऊ ब्रश घेतला, कोपरा न् कोपरा झाडला, पंख्याचीं पातीं पुसलीं, आड येणाऱ्या तारा बाजूस केल्या, दोन हिरव्या पट्ट्यांच्या तळाशीं धूळ होती म्हणून त्या उपसून पुसल्या व परत बसविल्या. झांकण लावलें, पेटी जागेवर ठेवली आणि मोठ्या समाधानानें बटण दाबलें. कांहींच झालें नाहीं. पुन्हां दाबलें. दिवा नाहीं, पंखा नाहीं, आवाज नाहीं.

सासूबाई दारांतून पाहत होत्या. "चालत्या गाड्याला खीळ कशाला घातलीस ग?" एवढेंच त्या म्हणाल्या. मामंजी फिरून आले, त्यांनीं पाहिलें, आणि "असूं दे सूनबाई, आधीं जेवणं उरकूं या," असें म्हणून पाटावर बसले. पण त्या रात्रीं त्यांनीं दुसरी पोळी घेतली नाहीं. रागावले असते तर बरें, असें मला झालें. जवळच्या एका दुकानदाराला फोन केला, तर पेटी न पाहतांच त्यानें निदान केलें : मदरबोर्ड गेला असेल, आतां नवा सेटच घ्या, आंतला मजकूर राहील न राहील, सांगतां येत नाहीं. हें मीं मामंजींना सांगितलें नाहीं.

शेवटीं बेंगळुरूस धाकट्या भाऊजींना फोन लावला. त्यांचा जन्मच या यंत्रांत चालला आहे. सर्व ऐकून घेऊन त्यांनीं पहिला प्रश्न विचारला, "वहिनी, जळल्याचा वास, धूर, ठिणगी असं कांहीं?" मीं नाहीं म्हटलें. "पाणी?" तेंही नाहीं. "मग बहुधा कांहीं मेलेलं नाहीं. कांहीं तरी हललं आहे. उद्यां सकाळीं पेटीला हात लावण्यापूर्वीं एक करा. आज कशाकशाला हात लावलात, तें क्रमानं कागदावर लिहून ठेवा." मीं लिहूं लागलें, तों अकरा कलमें झालीं. या अकरा कलमांतच आमच्या दुखण्याचें मूळ होतें.

शोध कोठून सुरू करावा

भाऊजींनीं जें सांगितलें त्याचें सार असें. जें यंत्र सफाईपूर्वीं चालत होतें आणि सफाईनंतर चालत नाहीं, त्याच्या बिघाडाचें कारण प्रथम त्या दोन वेळांच्या मध्यें शोधावें. नेमका त्याच तासाला एखादा भाग वयोमानानें निकामी व्हावा, हा योगायोग अशक्य नाहीं. पण त्याचा विचार सर्वांत शेवटीं. आधीं हात लागलेल्या जागा पाहाव्या, आणि त्यांतही शेवटीं हात लागलेली जागा पहिल्यानें.

दुसरा नियम असा कीं, एका वेळीं एकच बदल करावा आणि लगेच त्याचा परिणाम पाहावा. आमटी बिघडली म्हणून घाबरून एकदम मीठ, गूळ, चिंच आणि पाणी घातलें, तर ती सुधारली तरी कशानें सुधारली हें कळत नाहीं, आणि अधिकच बिघडली तर मग उपायच खुंटतो. यंत्राचेंही तसेंच आहे. घाईघाईनें पांच तारा काढून पांच पुन्हां लावल्या, म्हणजे एक चूक सुधारतांना दुसरी नवी होण्याचा संभव असतो.

तिसरा नियम म्हणजे तर्कापूर्वीं डोळे वापरावे. या संबंधांत संगणकशास्त्रांत एक गोष्ट प्रसिद्ध आहे. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत ९ सप्टेंबर १९४७ रोजीं 'मार्क दोन' नांवाचें अजस्र गणनयंत्र बिघडलें. तेथील मंडळींनीं शोध घेतला, तेव्हां एका रिलेमध्यें अडकून मेलेला एक पतंग सांपडला. त्यांनीं तो काढून नोंदवहीच्या पानावर चिकटविला आणि शेजारीं नोंद केली. तें पान वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय संग्रहालयांत अद्याप जपून ठेवलें आहे. एवढें थोरलें यंत्र, पण त्याचा दोष चिमट्यानें उचलतां येण्याजोगा होता!

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी पुन्हां पेटीपुढें बसलें. भाऊजी फोनवर होते. आपल्या घरच्या संगणकाची अवस्था पुढीलपैकीं कोणती आहे हें वाचकांनीं प्रथम ओळखावें. कारण प्रत्येकीचा शोध निराळ्या ठिकाणीं घ्यावा लागतो.

दिवा नाहीं, पंखा नाहीं

यंत्र अगदींच निश्चेष्ट असेल, तर वीज पेटीपर्यंत येते कीं नाहीं, हें पाहणें आलें. भिंतींतील त्याच सॉकेटमध्यें टेबलावरचा दिवा लावून पाहावा. एक्स्टेन्शन बोर्ड मध्यें असेल तर तो वगळावा. पेटीच्या मागें घुसणारी जाड वायर पुष्कळदां लागलेली दिसते, पण पुरती आंत गेलेली नसते. पेटी भिंतीकडे सरकवितांना ती हमखास ओढली जाते.

पेटीच्या पाठीशीं, जेथें ही वायर लागते तेथें, विजेचा पुरवठा करणारा लोखंडी डबा असतो. त्याला एसएमपीएस म्हणतात. घरांत येणारी २३० व्होल्टांची उलटसुलट वाहणारी वीज घेऊन तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टांचे एकाच दिशेनें वाहणारे प्रवाह करणें, हें त्याचें काम. या डब्यावर बहुधा एक लहान खटका असतो. त्याच्या एका बाजूस उभी रेघ आणि दुसऱ्या बाजूस शून्य काढलेलें असतें. रेघेची बाजू दाबलेली असली म्हणजे चालू, शून्याची असली म्हणजे बंद. मागची बाजू पुसतांना फडक्यानें हा खटका पडतो आणि घरांत कोणाच्या ध्यानींही येत नाहीं.

आमच्या अकरा कलमांत 'मागील बाजू पुसली' हें नववें कलम होतें. भाऊजींनीं विचारलें, "खटका कुठल्या बाजूला आहे?" मीं आरसा धरून पाहिलें. शून्य! रेघेची बाजू दाबली, पुढचें बटण दाबलें, आणि पंखे घोंघावूं लागले. सासूबाई स्वयंपाकघरांतून हात पुशीत बाहेर आल्या. पण पडदा काळा तो काळाच. अर्धें दुखणें बरें झालें होतें. उरलेलें अर्धें पुढें सांगतें.

एक इशारा येथेंच देऊन ठेवतें. कांहीं जुन्या डब्यांवर ११५ आणि २३० असे आंकडे लिहिलेला एक तांबडा सरकता खटकाही असतो. तो आपल्या देशांत २३० वरच राहिला पाहिजे. सफाईंत तो ११५ कडे सरकला असतां वीज लावली, तर डबा तत्काळ जळतो. म्हणून वीज जोडण्यापूर्वीं तो डोळ्यांनीं पाहून घ्यावा.

खटका बरोबर असूनही यंत्र उठत नसेल, तर पुढचें बटण संशयास पात्र ठरतें. दिव्याचें बटण जसें प्रत्यक्ष वीज जोडतें आणि तोडतें, तसें हें बटण करीत नाहीं. १९९५ साली इंटेल कंपनीनें एटीएक्स नांवाची जी रचना पुढें आणली, तींत हें बटण मदरबोर्डाला केवळ एक खूण करतें, आणि मग मदरबोर्ड त्या डब्याला जागें होण्यास सांगतो. ही खूण दोन बारीक तारांनीं जाते. मदरबोर्डाच्या एका कडेला असलेल्या टांचणीएवढ्या खिळ्यांवर त्या नुसत्या खोंवलेल्या असतात, त्यामुळें ब्रशाच्या फटक्यानेंही निघून येतात. निघाल्या असतील तर मदरबोर्डाच्या माहितीपुस्तकांतील आकृति पाहून लावाव्या. मदरबोर्डावर एखादा बारीक दिवा लागलेला असेल, पण बटणाला दाद नसेल, तर या तारांचाच संशय अधिक. त्याचबरोबर डब्यातून मदरबोर्डाला जाणारी चोवीस छिद्रांची रुंद जोडणीही खटका बसेपर्यंत दाबून पाहावी. (जुन्या संगणकांत तिला वीस छिद्रें असतात.)

एक साधा उपायही भाऊजींनीं सांगितला. वायर भिंतींतून काढून पुढचें बटण अर्धें मिनिट दाबून धरावें. आंत साठलेली उरलीसुरली वीज त्यामुळें निघून जाते, आणि मध्येंच अडकलेलें यंत्र कधीं कधीं एवढ्यानेंही शुद्धीवर येतें.

उठतो आणि पुन्हां निजतो

बटण दाबतांच पंखे फिरतात आणि कांहीं सेकंदांत सर्व बंद होतें, अशी अवस्था असेल तर पुनःपुन्हां बटण दाबण्याचा मोह कटाक्षानें टाळावा. खरी सीपीयू, म्हणजे ती चौकोनी चिप, चालतांना अतिशय तापते. तिची उष्णता खेंचून घेण्यासाठीं तिच्यावर धातूच्या पातळ पापुद्र्यांचा ठोकळा आणि त्यावर पंखा बसविलेला असतो. पुष्कळ संगणकांत हा ठोकळा चार कोंपऱ्यांवरील प्लॅस्टिकच्या खुंट्यांनीं धरलेला असतो. धूळ काढण्याच्या भरांत एक खुंटी सुटली कीं ठोकळा तिरका होतो, चिपेशीं त्याचा स्पर्श राहत नाहीं, आणि जळून जाऊं नये म्हणून चिप स्वतःच सर्व कारभार थांबविते. म्हणजे हें बंद पडणें एका अर्थीं यंत्राचें शहाणपणच होय.

ठोकळा मुद्दाम काढला असेल, तर त्याच्या व चिपेच्या मधला राखाडी लेप, ज्याला थर्मल पेस्ट म्हणतात, जुना पुसून नवा लावावा लागतो, वाटाण्याएवढा पुरे. पंख्याची बारीक तार मदरबोर्डावर आपल्या जागीं आहे ना, हेंही पाहावें. याशिवाय सुटलेला एखादा स्क्रू मदरबोर्डाच्या खालीं जाऊन बसला, तरीही यंत्र असेंच उठतें आणि निजतें. काढलेले स्क्रू वाटींत ठेवून मोजावे. झांकण लावतांना एक कमी भरला, तर तो सांपडेपर्यंत वीज लावूं नये.

पंखे फिरतात, पण पडदा काळा

सफाईनंतरच्या तक्रारींत ही फार आढळणारी, आणि आमच्याकडे उरलेली होती तीही हीच. येथें प्रथम पडद्याचा, म्हणजे मॉनिटरचा विचार करावा. त्याची स्वतःची वायर आणि पेटीशीं जोडणारी केबल अशा दोन्ही दाबून पाहाव्या. पेटींत निराळें ग्राफिक्स कार्ड असेल, तर मागें केबल लावण्याच्या जागा दोन ठिकाणीं दिसतात, वर मदरबोर्डाच्या आणि खालीं कार्डाच्या. सफाईपूर्वीं केबल खालीं होती आणि नंतर ती वर लागली, एवढ्यानें सर्व ठीक असूनही पडदा काळा राहतो. तारा काढण्यापूर्वीं मोबाईलवर एक छायाचित्र घेऊन ठेवलें तर हा घोटाळा होतच नाहीं. मीं तें घेतलें नव्हतें.

पडदा निर्दोष ठरला, म्हणजे पाळी येते रॅमची. मीं ज्या दोन हिरव्या पट्ट्या उपसून पुसल्या, त्याच या. चालतांना यंत्राला जें जें ध्यानांत ठेवावयाचें असतें तें या पट्ट्यांवर राहतें. उठतांच संगणक प्रथम स्वतःची परीक्षा घेतो, आणि या परीक्षेंत रॅम सांपडली नाहीं तर पडद्यावर एक अक्षरही न उमटवितां तो थांबतो. कांहीं यंत्रें अशा वेळीं ठराविक अंतरानें शिटी वाजवितात. नव्या मदरबोर्डांपैकीं पुष्कळांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशीं नांवें लिहिलेले चार बारीक दिवे असतात. परीक्षा जेथें अडली तो दिवा लागून राहतो.

आमच्या यंत्राची शिटी वाजत होती. घोंघावणाऱ्या पंख्यांत मला ती ऐकूंच आली नव्हती. मामंजींनीं ती ऐकली. ते माझ्या मागें केव्हां येऊन उभे राहिले होते कोण जाणे! भाऊजी म्हणाले, "वहिनी, वायर भिंतींतून काढा आणि पट्ट्यांच्या दोन्ही टोकांकडे नीट पाहा." विजेरी धरून पाहिलें. एका पट्टीचें वरचें टोंक खांचेंत पुरतें बसलें होतें. खालचें तांदळाच्या दाण्याएवढें वर राहिलें होतें. टोंकाची कडी वळलीच नव्हती.

पट्टी बसविण्याची रीति अशी. टोंकांच्या कड्या उघडाव्या. पट्टीच्या सोनेरी कडेला एक खांच असते, ती जागेवरील उंचवट्याशीं जुळवावी. ती मधोमध नसल्यामुळें पट्टी उलटी बसतच नाहीं. बसत नसेल तर जोर न करितां फिरवून पाहावें. मग दोन्ही अंगठ्यांनीं दोन्ही टोंकांवर सारखा, सरळ दाब द्यावा. कडी वळल्याचा 'टक्' असा स्पष्ट आवाज येतो. तो येईपर्यंत पट्टी बसली असें समजूं नये. सोनेरी कडेला बोट लावूं नये; ती मळली असल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोलांत किंचित् भिजविलेल्या कापडानें पुसून वाळूं द्यावी. दोन पट्ट्या असतील तर प्रथम एकच लावून यंत्र उठतें का तें पाहावें, मग दुसरी. एका वेळीं एकच बदल, हा नियम येथें फार उपयोगीं पडतो.

पट्टी ठीक असूनही पडदा उजळला नाहीं, तर सीपीयूच्या जवळची चार किंवा आठ छिद्रांची वेगळी वीजजोडणी पाहावी. ती सुटली असतां पंखे फिरतात पण काम कांहींच होत नाहीं. ग्राफिक्स कार्डही याच रीतीनें खांचेंत पुरतें बसलें आहे ना, आणि त्याची स्वतंत्र वीजजोडणी असल्यास ती लागली आहे ना, हें तपासावें.

'टक्' असा आवाज झाला. वायर लावली, बटण दाबलें. एक आंखूड शिटी झाली आणि पडद्यावर अक्षरें उमटलीं.

अक्षरें दिसतात, पण काम सुरू होत नाहीं

येथपर्यंत आल्यावरही क्वचित् 'चालू करण्याजोगी डिस्क सांपडत नाहीं' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर पडद्यावर येतो, आणि घरच्या मंडळींचा धीर पुन्हां सुटतो. याचा अर्थ डिस्क पुसली गेली असा नव्हे. बहुधा डिस्ककडे जाणाऱ्या दोन तारांपैकीं, म्हणजे विजेची रुंद आणि माहितीची अरुंद यांपैकीं, एखादी सैल झालेली असते. घड्याळ भलतेंच वर्ष दाखवीत असेल, तर मदरबोर्डावरील रुपयाएवढा चपटा सेल हलला किंवा संपला असें समजावें. हा सेल ३ व्होल्टांचा असून त्यावर सीआर२०३२ असा क्रमांक असतो. घड्याळाच्या दुकानांतही मिळतो. सेल निघाला म्हणजे यंत्र आपल्या मूळच्या मांडणीवर जातें, आणि ज्या संगणकांत विंडोजच्या बिटलॉकर या कुलपानें डिस्क बंद केलेली असते, तेथें अशा बदलानंतर ४८ अंकी किल्ली मागितली जाण्याचा संभव असतो. ती किल्ली आधींच कागदावर उतरवून ठेवावी.

या सर्व प्रकारांत ध्यानांत ठेवण्याजोगी मोठी गोष्ट ही कीं, संगणक उठत नाहीं म्हणजे त्यांतील मजकूर गेला असें नाहीं. मदरबोर्ड खरोखरच जळाला, तरी डिस्क बहुधा शाबूत असते, आणि ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडून आंतला मजकूर उतरून घेतां येतो. दुकानदाराचें नुसतें निदान ऐकून मीं ती रात्र तळमळत काढली. ही एक गोष्ट ठाऊक असती तर मला झोंप लागली असती.

पुढल्या सफाईसाठीं

आतां थोडें पथ्य. पेटी उघडण्यापूर्वीं वायर भिंतींतून काढावी, नुसतें बटण बंद करून भागत नाहीं. ओलें फडकें आंत नेऊं नये. चुकून पाणी सांडलेंच तर पूर्ण वाळेपर्यंत, निदान एक-दोन दिवस, वीज लावूं नये. धूळ उडविण्याचा हवेचा डबा उभाच धरावा. आडवा-उलटा धरल्यास त्यांतून अतिशय थंड द्रव बाहेर पडतो. हवा मारतांना पंख्याचें पातें बोटानें धरून ठेवावें, कारण वाऱ्यानें भरधाव फिरणारा पंखा स्वतःच वीज उत्पन्न करूं शकतो आणि त्याचा आंसही खराब होतो. घरची व्हॅक्यूमची नळी आंत खुपसूं नये. तिच्या घर्षणानें स्थिर वीज जमते. हिवाळ्यांत शाल काढतांना जी चटचट होते तीच ही वीज. आपल्याला तिचा झटका जाणवतो तेव्हां तिचा दाब सुमारें ३,००० व्होल्ट असतो, आणि आंतल्या नाजूक चिपा याहून पुष्कळ कमी दाबानेंही निकामी होऊं शकतात. यासाठीं आंत हात घालण्यापूर्वीं आणि मधून मधून पेटीच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला स्पर्श करावा.

आणि एसएमपीएसचा डबा मात्र कधींही उघडूं नये. त्याच्या आंत सुमारें ३२५ व्होल्टांपर्यंतची वीज सांठविलेली असते आणि वायर काढल्यानंतरही ती कांहीं वेळ टिकते. त्यांतील धूळ बाहेरूनच फुंकून काढावी. जळल्याचा वास, धूर किंवा फुगलेला भाग दिसला, तर घरगुती शोध तेथेंच थांबवून जाणत्या माणसास बोलवावें. तेव्हां त्याच्यापुढें आपला कलमांचा कागद ठेवावा. प्रामाणिक कारागिराचा वेळ त्यानें वांचतो, आणि दुसऱ्या प्रकारच्या कारागिराला भलतेंच सांगण्याचें धैर्य होत नाहीं.

पडदा उजळल्यावर मामंजींनीं प्रथम कुलवृत्तांत उघडला आणि अगदीं शेवटच्या पानावर गेले. सर्व जागच्या जागीं होतें. मग ते उठले, स्वयंपाकघरांत गेले आणि सासूबाईंना म्हणाले, "यंत्र हिनं बिघडवलं नव्हतं. सहा वर्षं मीं त्यावरची धूळ काढली नाहीं आणि दुसरी प्रत केली नाहीं, हा दोष माझा." सासूबाई कांहीं बोलल्या नाहींत, पण त्या दिवशीं करंज्या तळतांना पहिली करंजी त्यांनीं माझ्या हातावर ठेवली.

तेव्हांपासून मामंजी दर शनिवारीं कुलवृत्तांताची एक प्रत पेन ड्राइव्हवर करून कपाटांत ठेवतात, आणि दुसरी इंटरनेटवरून बेंगळुरूस भाऊजींकडे पाठवितात. यंदा पेटी पुन्हां उघडावयाची आहे. ब्रश काढून ठेवला आहे, स्क्रूंसाठीं वाटीही. वाचकांनींही या दिवाळींत आपल्या घरची पेटी अवश्य उघडावी. फक्त त्यापूर्वीं कामाच्या मजकुराची एक प्रत बाहेर काढावी, आंतील तारांचें एक छायाचित्र घ्यावें, आणि कागद-पेन्सिल जवळ ठेवावी.